सुट्टीतली मास्तरकी

"अनिवासी मराठी माणूस" म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यू जर्सी येते, सॅन होजे येते, लंडन येते, फार तर सिंगापूर आणि दुबई. खमीस मुशैत येत नाही. नावातला 'खमीस' वाचून आपल्याला आजोबांच्या अंगातले खमीस आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही. अरबीत खमीस म्हणजे गुरुवार. शहरान टोळीच्या मुशैत घराण्याच्या आधिपत्याखाली दर गुरुवारी इथे बाजार भरत असे, म्हणून गावाचे नाव खमीस मुशैत. आपल्याकडे बुधवार पेठ, शुक्रवार पेठ आहेत, तसलाच हा मामला.

सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येला असीर नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यात अबहा ही प्रांताची राजधानी आणि तिला जवळजवळ चिकटून हे व्यापारी शहर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही बरीच जास्त. रियाध आणि जेद्दा उन्हाळ्यात भाजून निघतात तेव्हा सौदी कुटुंबे थंड हवेसाठी इकडे येतात. इथल्या बायका घराच्या भिंती ज्या रंगीत नक्षीने सजवतात त्या 'अल-कत्त अल-असीरी' कलेला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या वारली चित्रांप्रमाणेच ही मुळात बायकांच्या हातची, घरच्या भिंतीवरची कला. शहरालगत मोठा हवाई तळ आहे. येमेनचे युद्ध २०१५ मध्ये सुरू झाल्यावर या तळाच्या दिशेने क्षेपणास्त्रे येऊ लागली. जून २०१९ मध्ये अबहाच्या विमानतळावर झालेल्या हल्ल्यात २६ माणसे जखमी झाली. असे हे गाव. इथे बरीच वर्षे भारतीय माणसे इस्पितळांत, दुकानांत, गॅरेजमध्ये, बांधकामांवर, शाळांत काम करत आहेत. मल्याळी आणि हैदराबादी जास्त. पण रत्नागिरी, रायगडकडची मराठी-कोकणी बोलणारी मुसलमान कुटुंबेही आहेत, आणि आपल्या संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका त्यांच्यापर्यंत जात नाहीत.

या गावाची आठवण काढण्याचे कारण एका वेगळ्या विषयात आहे. तो विषय म्हणजे सुट्टीत परदेशी जाऊन इंग्रजी शिकवणे.

आपल्या मुलांच्या पिढीत ही गोष्ट आता सर्रास झाली आहे. कॉलेजचे शिक्षण संपत आले किंवा नुकतेच संपले की उन्हाळ्यात चार-सहा आठवडे कुठेतरी जायचे (पेरू, टांझानिया, कंबोडिया, कधी राजस्थान, कधी आपलेच नंदुरबार किंवा गडचिरोली) आणि तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. परत आल्यावर फोटो, एखादा छानसा अनुभव-लेख आणि संस्थेच्या लेटरहेडवरचे प्रमाणपत्र. त्याचा उपयोग पुढे मेडिकलच्या अर्जात, स्कॉलरशिपच्या अर्जात होतो. मी दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळी कामासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचते. 'सुट्टीत परदेशी इंग्रजी शिकवले' ही ओळ मला इतक्यांदा दिसते की पुष्कळदा नजर तिच्यावरून पुढे सरकते.

मागच्या काही वर्षांत अशी एक ओळ मात्र मला दिसली नाही, आणि ती का दिसली नाही हे या लेखात सांगायचे आहे.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण खमीस मुशैतमधल्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्या शेजारच्या कुटुंबातल्या मुलीला परदेशी पुढचे शिक्षण घ्यायचे होते, म्हणून सल्ल्यासाठी तिने तिची गाठ माझ्याशी घालून दिली. मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. आणि नंतर बी.एड. वडील खमीसमध्ये एका गोदामात स्टोअरकीपर. ती लहान असताना आई आणि भावंडांसह सगळे तिथेच राहत. मग २०१७ साल आले.

त्या वर्षीच्या जुलैपासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी कर बसवला. सुरुवातीला दरमहा १०० रियाल, आणि दर वर्षी १०० ची वाढ होत २०२० मध्ये तो ४०० वर गेला. हिशेब करून पाहा. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला १,६०० रियाल आणि वर्षाला १९,२०० रियाल, तेही केवळ कुटुंब जवळ ठेवण्यासाठी. त्यात २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला आणि जुलै २०२० मध्ये तो १५ टक्के झाला. स्टोअरकीपरच्या पगारात हे बसत नाही. हजारो भारतीय कुटुंबांप्रमाणे या कुटुंबानेही बोजा-बिस्तरा बांधला आणि मायलेकरे कोकणात परतली. वडील तिथेच, तीन-चार जणांत एक खोली. आता कुटुंब भेटते ते सुट्टीत, व्हिजिट व्हिसावर. पूर्वी वडील सुट्टीत गावी येत, आता सुट्टीत गाव वडिलांकडे जाते.

अशा दोन सुट्ट्यांत या मुलीने खमीसमध्ये इंग्रजी शिकवले. सकाळी भारतीय कुटुंबांतली मुले, आणि संध्याकाळी एका खाजगी केंद्रात सौदी स्त्रिया. या स्त्रिया विशी-तिशीतल्या. २०१६ मध्ये 'व्हिजन २०३०' जाहीर झाल्यापासून सौदी स्त्रियांना नोकऱ्यांची दारे झपाट्याने उघडली. २०१७ च्या सुमारास श्रमशक्तीतला त्यांचा सहभाग २० टक्क्यांच्या आत होता, तो २०२२ पर्यंत ३० टक्क्यांच्या वर गेला. २०१८ च्या जूनमध्ये त्यांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली. बँकेत, इस्पितळाच्या स्वागतकक्षात, मॉलमध्ये नोकरी हवी तर मुलाखतीपुरते तरी इंग्रजी हवे, आणि शिकवायला बाईच हवी. मुलींसाठी सरकारी शाळाच त्या देशात १९६० साली सुरू झाल्या. वर्गातल्या काही जणींच्या आज्या निरक्षर होत्या. आपल्याकडे सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते. कोकणातल्या एका मराठी शाळेतून आलेली मुलगी असीरच्या डोंगरातल्या बायकांना नोकरीपुरते इंग्रजी शिकवते आहे, हे चित्र सावित्रीबाईंना नक्की आवडले असते.

आणि ती चांगले शिकवते. हे मी मैत्रिणीच्या भिडेखातर म्हणत नाही. तिने मला तिच्या पाठांची टिपणे पाठवली होती. लहानपणी मदरशात पारा वाचायला शिकल्यामुळे तिला अरबी अक्षरे येतात, जरी भाषा येत नसली तरी. त्यामुळे अरबीत 'प' नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि तिची विद्यार्थिनी पेनला 'बेन' म्हणते तो हट्ट किंवा हलगर्जीपणा नव्हे, हेही. तिने त्यांना ओठांसमोर कागदाचा कपटा धरायला लावला. 'प' म्हणताना कपटा हलला पाहिजे, 'ब' म्हणताना नाही. अरबीत वर्तमानकाळी 'आहे' लागत नाही, म्हणून त्या 'आय स्टुडंट' म्हणतात. हेही तिने शोधून त्यावर स्वतंत्र पाठ तयार केला होता. स्वतः एक परकी भाषा घाम गाळून शिकलेल्या माणसाला ती कुठे अडते हे माहीत असते. जन्मजात बोलणाऱ्याला ते मुद्दाम शिकावे लागते.

तिने मला विचारलेला प्रश्न साधा होता. "हा अनुभव अर्जात लिहू का?"

मी विचार केला आणि नको म्हटले. कारण व्हिजिट व्हिसावर काम करणे सौदी कायद्यानुसार गुन्हा आहे. केंद्राने तिला करार दिला नव्हता, पावती दिली नव्हती, प्रमाणपत्र तर नाहीच. पैसे रोख, आणि शेवटच्या महिन्याचे 'पुढच्या वेळी आलीस की घे' असे सांगून ठेवून घेतलेले. तक्रार करायची सोय नाही, कारण तक्रार करणे म्हणजे आपण काम केले असे कबूल करणे. पकडली गेली असती तर दंड, देशाबाहेर रवानगी, आणि ज्यांच्या नावावर व्हिसा होता त्या वडिलांवर बालंट. वडिलांची नोकरी म्हणजे घराचा एकुलता एक खांब. केंद्रमालकावरही कारवाई झाली असती, पण त्याचे घर मोडले नसते.

कुणी म्हणेल, कायदा मोडला तर परिणाम भोगावेच लागतात. बरोबर आहे. कोणत्याही मुलीने व्हिजिट व्हिसावर शिकवू नये, असेच मीही सांगेन आणि तिलाही सांगितले. परंतु न्यायाचा विचार करायचा तर एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आशियातल्या कितीतरी देशांत टुरिस्ट व्हिसावर इंग्रजी शिकवून प्रवासखर्च काढणारे पाश्चात्त्य तरुण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यावर प्रवासवर्णने लिहिली जातात आणि त्याला साहस म्हणतात. तेच काम गोदामातल्या स्टोअरकीपरच्या मुलीने केले की ती बेकायदा कामगार ठरते. दोघांनी मोडलेला नियम एकच, पण एकाची गोष्ट होते आणि दुसरीची फाईल.

बरे, कायदेशीर मार्गाने जायचे म्हटले तर? अबहात १९९८ साली स्थापन झालेले किंग खालिद विद्यापीठ आहे, आणि आखातातल्या इतर विद्यापीठांप्रमाणे तिथेही पदवीआधीच्या तयारीच्या वर्षात इंग्रजीला मोठे स्थान राहिले आहे. २००५ साली सुरू झालेल्या किंग अब्दुल्ला शिष्यवृत्ती योजनेमुळे हजारो सौदी तरुण पाश्चात्त्य देशांत शिकायला गेले, तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्यांना मागणी आणखी वाढली. २०२१ पासून सौदी सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे कामाला तोटा नाही. पण नोकरीच्या जाहिराती वाचून पाहा. कितीतरी जाहिरातींत पहिलीच अट 'नेटिव्ह स्पीकर' ही असते आणि कंसात देशांची यादी असते: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. बाकीच्यांसाठी पगाराचा तक्ता वेगळा. यादीतल्या देशाचा पासपोर्ट, कुठल्याही विषयातली पदवी आणि चार आठवड्यांचा अभ्यासक्रम एवढ्यावर माणूस वरच्या तक्त्यात जातो. या अभ्यासक्रमांतला सर्वांत प्रतिष्ठित म्हणजे सेल्टा. त्यात सुमारे १२० तासांचे शिक्षण आणि ६ तासांचा प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव असतो. आपल्याकडे एम.ए.ची दोन वर्षे, आणि २०१५ पासून बी.एड.चीही दोन वर्षे. चार वर्षे विरुद्ध चार आठवडे, आणि पारडे चार आठवड्यांकडे झुकते, कारण मध्ये पासपोर्ट टाकलेला असतो.

हे सौदीपुरते नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा वर्षानुवर्षे याच सात देशांच्या नागरिकांसाठी राखीव होता. भारतीय शिक्षकांसाठी त्याचे दार थोडेसे किलकिले झाले ते २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे. आमची माणसे इंग्रजी शिकवू शकतात हे पटवून द्यायला भाषाशास्त्र पुरले नाही, त्याला जकातीच्या वाटाघाटींची जोड लागली!

भाषाशास्त्राने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या ग्रंथात, जन्मजात भाषिक हाच आदर्श शिक्षक, या समजुतीला सरळ तर्कदोष म्हटले. त्याआधी ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडून दाखवले होते की भारतासारख्या देशातली इंग्रजी ही बिघडलेली ब्रिटिश इंग्रजी नव्हे, तिला स्वतःचे नियम आणि स्वतःची घडण आहे. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसोल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्येच अशा भेदभावाविरुद्ध निवेदन काढले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण जाहिरातीतला कंस काही पुसला गेला नाही.

इथे आपल्या मुलांकडे वळू, कारण आपण मंडळी या कंसाच्या आत राहतो.

आपली मुले चांगल्या भावनेने जातात यात मला शंका नाही. पण भावना बाजूला ठेवून थोडा हिशेब करू. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ठोकताळा असा आहे की भाषेच्या प्राथमिक पायरीपर्यंत, म्हणजे ए-टू पातळीपर्यंत, पोचायला सुमारे १८० ते २०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते, आणि त्यापुढच्या बी-वन पातळीपर्यंत एकूण ३५० ते ४०० तास. म्हणजे या एका पायरीला अंदाजे २०० तास. आता आपली मुलगी चार आठवडे गेली, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास. झाले ४० तास. सगळे उत्तम झाले तरी एका पायरीचा पाचवा हिस्सा. त्यानंतर ती परत येते आणि पुढच्या महिन्यात दुसरी स्वयंसेविका येऊन पुन्हा रंगांची नावे आणि प्राण्यांची नावे यांपासून सुरुवात करते. त्या शाळेतली मुले दर उन्हाळ्यात 'एलिफंट' शिकतात. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे, प्रयोगाच्या आधी आणि नंतर मोजमाप केले नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही. या उन्हाळी वर्गांत आधी मोजमाप नसते, नंतर नसते, आणि निष्कर्ष मात्र ठरलेला असतो: मुलांना खूप आवडले. मुलांना आवडले असेलच. नवी ताई आलेली कुठल्या मुलाला आवडत नाही?

"पण त्यात कुणाचे नुकसान काय?" असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. एक, त्या शाळेतल्या स्थानिक शिक्षिकेचे नुकसान होते. वर्षभर तीच शिकवते, आणि उन्हाळ्यात पाहुणी आल्यावर तिला वर्गाच्या मागे उभे राहून शांतता राखायला सांगितले जाते. मुलांच्या मनावर ठसते की खरे इंग्रजी आपल्या बाईंना येत नाही, ते गोऱ्या देशातून येते, भले आणणारीचा रंग आपल्यासारखाच असो. दोन, संस्थेला फुकट स्वयंसेवक मिळत राहिले की पगार देऊन शिक्षक नेमण्याची गरज उरत नाही. तीन, आपल्या मुलांचेही नुकसान होते. कोणतेही प्रशिक्षण नसताना आपण शिकवू शकतो, केवळ आपण जिथे जन्मलो त्याच्या बळावर, ही समजूत पंचविशीच्या आत पक्की होणे चांगले नाही. आपण जातिव्यवस्थेबद्दल मुलांना जे सांगतो त्याचा गाभा हाच तर आहे, की जन्माने मिळालेल्या गोष्टीला गुण समजू नये.

दुसरा आक्षेप असा येतो की उच्चारांचे काय? नेटिव्ह उच्चार कानावर पडणे चांगलेच ना? चांगलेच आहे. विविध उच्चार कानावर पडावेत. पण खमीसमधली बाई इस्पितळाच्या स्वागतकक्षात बसेल तेव्हा तिच्याशी इंग्रजीत कोण बोलणार आहे? केरळची नर्स, फिलिपिन्सचा तंत्रज्ञ, सुदानचा डॉक्टर, पाकिस्तानचा रुग्ण. तिला ओहायोचा उच्चार येऊन काय उपयोग? जगात इंग्रजी आज ज्यांच्या-ज्यांच्यात बोलली जाते त्यांतल्या बहुतेकांची ती मातृभाषा नाही.

हा कंस फक्त शाळांच्या जाहिरातींत नसतो. आपण जे संशोधनात आहोत त्यांनी शोधनिबंधावरचा तो शेरा एकदा तरी वाचला असेल: 'भाषा एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्यावी.' आमच्या एका निबंधावर हा शेरा आला तेव्हा त्यातला बहुतेक मजकूर अमेरिकेत जन्मलेल्या आणि वाढलेल्या सहकाऱ्याने लिहिला होता. लेखकांची आडनावे मात्र भारतीय आणि चिनी होती. परीक्षकाने व्याकरण वाचले नव्हते, आडनावे वाचली होती. तेव्हा आपल्याला राग येतो. रत्नागिरीच्या मुलीला आखातातली जाहिरात वाचून जे वाटते ते याहून वेगळे नाही. फरक एवढाच की आपला निबंध दुरुस्त होऊन छापला जातो.

आणि आता थोडे आपल्या घरातले. हा कंस आपण मराठी माणसांनीही कमी वापरलेला नाही. 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' हे शब्द आपल्या लग्नाच्या जाहिरातींत किती पिढ्या छापले गेले? पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी शाळांच्या मुलाखतींत मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराचा उच्चार ऐकून कपाळाला आठी घालणारे कोण असतात? इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर आपल्याला पाठ आहेत. त्यांनी टिळक-आगरकरांसह १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले हेही ठाऊक आहे. ती शाळा देशी शिक्षकांनी चालवलेली होती आणि तिथे इंग्रजी उत्तम शिकवले जाई, हा भाग मात्र आपण विसरतो. आपल्याकडे २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. निर्णय चांगला होता असे माझे मत आहे, कारण इंग्रजी ही फक्त वरच्या वर्गाची मिरास राहू नये. पण तो भार ज्यांच्या खांद्यावर पडला त्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपैकी अनेकांना इंग्रजी शिकवण्याचे शिक्षण मिळालेले नव्हते. त्यांना शिकवायला पुढे येण्याऐवजी त्यांच्या इंग्रजीवर विनोद करण्यात आपण धन्यता मानली. सौदी अरेबिया आज त्याच वाटेने चालला आहे. मागणी आधी आणि शिक्षक मागाहून. त्या मधल्या फटीत ही मुलगी रोखीने आणि चोरून काम करते.

तिला कुठलेही सरकार पाहत नाही हेही लक्षात घ्या. भारताच्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सौदीसारख्या देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला मंजुरी घ्यावी लागते, निदान कागदोपत्री त्याच्या कराराची तपासणी होते. दहावी झालेल्याला सहसा ती लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे पाहून घेईल, असे त्यामागचे गृहीत. तिकडे सौदीने मार्च २०२१ पासून कफाला पद्धतीत सुधारणा केल्या. खाजगी क्षेत्रातल्या कामगाराला ठराविक अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली आणि देशाबाहेर जाता येऊ लागले. पण या सुधारणा ज्याच्याकडे करार आहे त्याच्यासाठी. घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि व्हिजिट व्हिसावरची शिक्षिका तर मोजणीतच नाही.

मग करायचे काय? मोठे उपाय सरकारांच्या हातात आहेत. पण आपल्या हातातल्याही काही गोष्टी आहेत.

१. मुलांना सुट्टीत शिकवायला पाठवण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारा. तिथे पगारी, प्रशिक्षित स्थानिक शिक्षक आहे का? आपले मूल त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करणार की त्याच्या जागी? आणि मूल परत आल्यावर त्या वर्गाचे पुढे काय होणार? उत्तरे समाधानकारक नसतील तर विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या शाळेच्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाला द्या. मुलाला जायचेच असेल तर शिकायला जाऊ दे. महिनाभर एखाद्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ती चाळीस मुलांना एकटी कशी सांभाळते हे पाहणे हे मोठे शिक्षण आहे.

२. आपल्यापैकी जे प्रवेश किंवा नोकरीचे अर्ज वाचतात त्यांनी प्रमाणपत्राचे लेटरहेड कमी आणि उमेदवाराने प्रत्यक्ष काय शिकवले हे जास्त पाहावे. एक पाठ कसा बसवला ते लिहायला सांगा. पेन आणि बेनमधला फरक ज्याने वर्गात हाताळला आहे तो दोन परिच्छेदांत ओळखू येतो.

३. शोधनिबंध तपासताना 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द लिहू नका. वाक्य कळत नसेल तर कोणते कळत नाही ते सांगा. कंपनीत जाहिरात लिहिण्याचे काम तुमच्याकडे असेल तर त्या कंसावर फुली मारा. भाषेची कसोटी घ्यायची असेल तर सर्वांची घ्या.

४. आखातातल्या मराठी मंडळांनी आणि तिथे वरच्या पदांवर असलेल्या आपल्या मंडळींनी एक काम करावे. सुट्टीत कुटुंबाला भेटायला येणाऱ्या पदवीधर मुलींना नियम स्पष्ट सांगावेत. करार नसेल तर काम नाही, व्हिजिट व्हिसावर तर अजिबात नाही. आणि ज्यांना शिकवायचे आहे त्यांना भारतात परत गेल्यावर ऑनलाइन वर्ग घेता येतील, त्याची रीतसर पावती आणि अनुभवाचे पत्र मिळेल, अशी व्यवस्था उभी करावी. यात तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. आपल्यातले निम्मे लोक पोटासाठी हेच करतात. प्रश्न आहे तो त्या मुली आपल्या मोजणीत धरायचा.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशातला मराठी समाज म्हणून आपण आपली जी शिरगणती करतो ती डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांची असते. सौदी अरेबियात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय आहेत. त्यांतले मराठी किती, हे आपण कधी मोजायला गेलो नाही. ते आपल्यासारखे दिसत नाहीत, त्यांची नावे आपल्यासारखी नाहीत आणि ते ग्रीन कार्डाच्या रांगेतही नाहीत. पण त्यांच्या घरातून आता एम.ए., बी.एड. झालेल्या मुली निघू लागल्या आहेत. त्यांच्या आयांपैकी कित्येकींनी शाळा सातवीत सोडली होती. एका पिढीत एवढे अंतर कापणाऱ्या मुलींना पुढचा अडथळा पासपोर्टच्या रंगाचा असावा, आणि त्या अडथळ्याच्या पलीकडच्या बाजूला आपण आरामात बसलेले असावे, ही गोष्ट पुरोगामी म्हणवून घेणाऱ्यांना बोचली पाहिजे.

त्या मुलीने पुढे अर्ज केला. त्यात खमीसचा उल्लेख नाही. अध्यापनाच्या अनुभवाच्या रकान्यात बी.एड.च्या सराव-पाठांची नोंद आहे, बाकी रकाना कोरा आहे. तिच्या केंद्रातल्या दोन विद्यार्थिनींना त्याच वर्षी नोकरी लागली, असे मैत्रिणीने कळवले. त्यांच्या अर्जांत इंग्रजी येत असल्याची नोंद आहे. शिकवले कुणी, ते कुठल्याच कागदावर नाही.